नाक चमकतंय, ते बघा

ब्राँझमधला खेळकर प्राणी दिसला की कलादालनांतल्या काही जाणत्यांच्या कपाळावर आठी पडते. ‘लोकांना आवडतं’ हा त्यांच्या लेखी आरोपच. मला हा तोरा मुळीच मान्य नाही. ज्या शिल्पाला रोज पोराबाळांचे हात लागतात, ते शिल्प जिंकलं.

बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये नॅन्सी शॉन या शिल्पकर्तीनं १९८७ साली एक बदकीण आणि तिच्यामागे ओळीनं आठ पिल्लं उभी केली. रॉबर्ट मक्लॉस्कीच्या १९४१ च्या बालपुस्तकातली ही मंडळी. चौथरा नाही, कठडा नाही. दगडी फरसबंदीवरून पिल्लं आईमागे निघालीत. आई जेमतेम मीटरभर उंच, पिल्लं त्याहून कितीतरी बुटकी. त्यामुळे दोन वर्षांचं पोर थेट पाठीवर मांड ठोकतं आणि मान कवटाळतं. सणासुदीला मोठी माणसं या पिल्लांना टोप्या घालतात. चोरांनी काही पिल्लं पळवली, तेव्हा नवी ओतून बसवली गेली.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. ओतीव धातू मुळात सोनेरी झाकेचा. शिल्पकार आच आणि रसायनं देऊन त्यावर तपकिरी-हिरवा थर चढवतो. हात फिरत राहिले की तेवढाच भाग झिजून आतला धातू उजळतो. फ्लॉरेन्सच्या बाजारातल्या रानडुकराचं अंग म्हणूनच काळपट आणि नाक लखलखीत. नाक चोळलं की या गावी परत येणं होतं, अशी तिथली श्रद्धा. पिएत्रो ताक्कानं सतराव्या शतकात घडवलेलं मूळ शिल्प आता संग्रहालयात आहे, बाजारात बसलीय ती प्रतिकृती. नाक चोळणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही. पण जरा खाली वाकून बैठक बघा: बेडूक, साप, गोगलगायी, पानं, सगळं बारकाईनं कोरलेलं. हे हलकं काम म्हणायचं?

आणि हे वेड परदेशी आहे असं कुणी सांगू नये. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. सगळं भरीव ओतकाम, एकूण वजन साठ किलोंच्या वर. त्या रेड्याच्या पायांखाली चाकं आहेत! ती पूजेची की मिरवणुकीची, यावर अभ्यासक वाद घालोत. जनावराला चाकं लावणाऱ्या त्या ओताऱ्याला मी मनापासून दाद देतो. देवळातल्या नंदीच्या पाठीवर तर आपण पिढ्यान्‌पिढ्या हात फिरवतोय, त्याच्या कानात गाऱ्हाणं सांगतोय.

मग शहरात आल्यावर काय होतं? पुतळा म्हटला की उंच चौथरा, भोवती लोखंडी कठडा. आणि मुलांच्या वाट्याला पालिकेच्या बागेतली सिमेंटची हरणं: कान तुटलेले, रंगाचे पोपडे, शिंगांतून बाहेर आलेली सळई. मुलांसाठी काहीही चालतं, हा विचारच मला संतापजनक वाटतो. शिल्पकार आपल्याकडे आहेत, ओतशाळाही आहेत. पुढच्या अंदाजपत्रकात एका बागेसाठी एक म्हैस आणि तिचं रेडकू ओतून घ्या. पोराचा हात पोचेल इतक्या उंचीचं, जमिनीवर, कठड्याविना. आणि ‘हात लावू नये’ची पाटी लावणाऱ्याला तिथं फिरकू देऊ नका.