साखरेच्या मुलखात चिमूटभर मीठ

उन्हाळ्यात सायकल चालवणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला साधारण अर्धा ते दीड लिटर घाम जातो. काहींचा याहून जास्त जातो आणि ते ही गोष्ट अभिमानाने सांगतात. घामाच्या दर लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ वाहून जाते. तेव्हा लांबच्या सायकलप्रवासात काय प्यावे, हा प्रश्न जितका पाण्याचा तितकाच मिठाचा. बेलापूर ते प्रवरासंगम या पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या रस्त्यावर तर तो मुख्यतः मिठाचाच होऊन बसतो. इथे साखर न मागता मिळते आणि मीठ मागितले की समोरचा माणूस तोंडाकडे पाहतो.

हे बेलापूर नव्या मुंबईतले नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी वसलेले हे जुने गाव आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचे स्टेशन आहे, पण ते बेलापुरात नसून श्रीरामपुरात आहे. त्यामुळे सायकल घेऊन रेल्वेने येणारा माणूस बेलापूरला उतरतो आणि उतरल्या उतरल्या बेलापूरचा रस्ता विचारतो. गाव दक्षिणेला पाच-सहा किलोमीटर आहे हे कळेपर्यंत त्याची पहिली बाटली अर्धी झालेली असते. पाण्याचा हिशेब मांडताना हे अंतर धरावे.

या मुलखात साखरेचा सुकाळ का, याचे उत्तर कालव्यात आहे. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या दोन्ही कालव्यांना पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला. पुढे लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना निघाला आणि 1950 च्या सुमारास तिथे साखर पडू लागली. श्रीरामपूरहून नेवाशाला निघालेल्या रस्त्यावर अशोकनगरचा कारखाना लागतोच. म्हणजे सायकलस्वार ज्या रस्त्याने जातो त्याच्या दोन्ही बाजूंना साखर उभी असते, आणि हंगाम चालू असला तर दोन ट्रॉल्या भरून, मोठ्या आवाजात गाणी लावून ती त्याला ओव्हरटेकही करते. ट्रॉलीतला ऊस ओढण्याचा मोह सायकलवरून अनावर होतो. तो आवरावा.

मीठ नाही असे मात्र नाही. ते जमिनीत आहे. वर्षानुवर्षे उसाला पाटाने पाणी भरभरून दिल्यामुळे कालव्याखालच्या कितीतरी काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आणि काही विहिरी-बोअरचे पाणी खारे झाले. निसर्गाने मीठ द्यायला हात आखडता घेतलेला नाही. द्यायची जागा तेवढी चुकली.

आता पोटात काय होते ते पाहू. लहान आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी एक वाट आहे. दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही वाट दाखवून दिली. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपात कालवून पाजले. मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये. सायकलस्वाराने यातून घ्यायचे ते इतकेच की साखर आणि मीठ ही जोडी आहे. एकट्या साखरेच्या भरवशावर राहिले की ती पोटात बसून राहते. पेयात शंभर मिलिलिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर चालते. आठच्या पुढे पोट रिकामे व्हायचा वेग मंदावतो, आणि स्वार व सायकल यांच्यामध्ये एक डचमळणारा तिसरा प्रवासी येऊन बसतो.

बेलापुरातून निघतानाची बाटली घरी भरलेली असावी. पाऊण लिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, पाव लहान चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घातला की साखर पाच टक्क्यांच्या आसपास आणि सोडियम घामाच्या जवळपास जाते. परदेशी डब्यातल्या पुडीत रंग सोडला तर याहून फारसे काही नसते. अडचण एकच, ती म्हणजे घरातली वडीलधारी मंडळी. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या सरबतात साखर कमी घालणे त्यांना कद्रूपणाचे वाटते आणि मीठ मोजून घालणे दवाखान्याचे. पाठ वळताच बाटलीत आणखी दोन चमचे साखर पडते. बाटली स्वतः भरावी, नाहीतर निदान स्वतः चाखावी. दुसरी अडचण श्रीगोंद्याच्या लिंबाची: ऐन एप्रिलमध्ये, जेव्हा त्याची सर्वात जास्त गरज असते, तेव्हाच त्याचा भाव सर्वात जास्त चढतो.

श्रीरामपुरात पेयांची पहिली मोठी बाजारपेठ लागते. कोल्ड्रिंकमध्ये शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते आणि मीठ जवळजवळ नसते. शिवाय हलत्या सायकलवर त्यातला वायू वरच्या बाजूने बाहेर पडायला बघतो आणि मागच्या स्वाराशी बोलणे अवघड होते. चहाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एका कपातल्या कॅफिनने अंगातले पाणी फारसे जात नाही, हे आता पुरेसे तपासले गेले आहे. पण कपाचा आकार पाहता, तहान भागेपर्यंत चहा प्यायचा म्हटले तर मुक्काम श्रीरामपुरातच करावा लागेल. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने बेताचे, म्हणजे घामाच्या बरोबर उलटा मामला. ते चवीसाठी प्यावे. कोकमाच्या आगळात भरपूर मीठ असते, पण ते राहिले कोकणात. इथे मिळते ते पाकातले कोकम, म्हणजे पुन्हा साखरच.

औषधाच्या दुकानातले ओआरएस हा सर्वात बिनचूक उपाय, पण तो वापरण्यात फार गमती होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट लागते. ही पुडी लिटरसाठी असते, सायकलची बाटली अर्ध्या किंवा पाऊण लिटरची असते आणि उरलेली पुडी खिशात ठेवायचा सर्वांना कंटाळा असतो. मग ती सगळीच बाटलीत जाते आणि पहिल्या घोटाला स्वाराला समुद्रकिनाऱ्याची आठवण होते. दुसरी गंमत खोक्यांची. फळांच्या चवीची गोड पेये बरीच वर्षे नावात ओआरएस मिरवून विकली जात होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. तरी खोका उलटा करून साखरेचा आकडा वाचण्याची सवय बरी. दुकानदार पुडी देताना "किती वेळा झाली?" असे विचारतो. सायकल चालवायची आहे असे सांगितल्यास त्याचा विश्वास बसत नाही.

श्रीरामपूर सोडले की अशोकनगर, टाकळीभान या वाटेवर रसवंत्या सुरू होतात. महाराष्ट्रात कुठेही गेले तरी रसवंतीचे नाव नवनाथ किंवा कानिफनाथ असण्याची शक्यता मोठी. इथे त्याला शेजारधर्माचाही आधार आहे, कारण कानिफनाथांची समाधी याच जिल्ह्यातल्या मढीला आहे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज लांबून येतो, आणि सायकलस्वाराच्या पायांतले बळ नेमके तेवढ्या अंतरापुरतेच उरलेले असते. उसाच्या रसात शंभर मिलिलिटरला बारा-पंधरा ग्रॅम साखर असते, कधी जास्तही. म्हणजे पोटाला झेपणाऱ्या मापाच्या दुप्पट. मीठ वरून टाकले तरच. शास्त्राप्रमाणे यावर उपाय सोपा आहे: अर्धा रस, अर्धे पाणी, लिंबू, आले आणि मोठी चिमूट मीठ. हे मिश्रण कोणत्याही विकतच्या पेयाच्या तोडीस तोड ठरते.

व्यवहारात तो तितका सोपा नाही. रसवंतीवाल्याच्या उभ्या आयुष्यात त्याच्यावर एकच संशय घेतला गेलेला असतो, तो म्हणजे रसात पाणी घालतो. त्याने "पाणी न घालता शुद्ध रस" अशी पाटी लावलेली असते, बर्फही डोळ्यांदेखत टाकलेला असतो आणि कांड्या गिऱ्हाइकासमोर चरकात घातलेल्या असतात. अशा माणसाला भर दुपारी, घट्ट कपड्यांतला, डोक्यावर कलिंगडासारखे काहीतरी घातलेला इसम येऊन "रसात निम्मे पाणी घाला" असे सांगतो, तेव्हा त्याला ते थट्टा वाटते, किंवा अन्न खात्याचा सापळा वाटतो. काही जण पाण्याचा जग सरळ गिऱ्हाइकाच्या हाती देतात आणि दुसरीकडे पाहतात, म्हणजे पापाचे धनी आपण नको. पैसे अर्थात पूर्ण रसाचेच घ्यावे लागतात, कारण पाणी फुकट असले तरी अब्रूची किंमत असते. बर्फाबाबत एक नियम लक्षात ठेवावा: खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा असावा लागतो. पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच, असे मात्र उलटून म्हणता येत नाही. बिनबर्फाचा घेतलेला बरा.

किती प्यावे यापेक्षा कधी प्यावे हे अधिक महत्त्वाचे, आणि ते या भागात कुणाला शिकवावे लागू नये. कालव्याला पाणी आवर्तनाने सुटते. एकदाच धो धो सोडले तर हेडच्या शेतात तळे होते आणि टेलचा शेतकरी बोंबलतो. पोटाचेही तसेच आहे. पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट हे आवर्तन बरे. प्रत्यक्षात सायकलस्वार टाकळीभानपर्यंत काहीच पीत नाही आणि तिथे लिटरभर एका दमात पितो. मग त्याच्या टेलला, म्हणजे पोटऱ्यांना, गोळे येतात.

नेवाशाला ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या जिथे सांगितल्या गेल्या, तिथे पन्नास किलोमीटरांच्या उन्हावरून कुरकुर करणे शोभत नाही, पण सायकलस्वार करतातच. कुरकुरीवर इथला उतारा ताक. पाणी आहे, थोडी साखर दुधातलीच आहे, आणि मुख्य म्हणजे ताकात मीठ घालणे कुणालाही वावगे वाटत नाही. या रस्त्यावर मीठ उघडपणे मागता येईल असे हे पहिले पेय. मठ्ठ्यात आले, कोथिंबीर, जिरे येते तेही चांगले. फक्त ते जागेवर प्यावे. ताक बाटलीत भरून दोन तास उन्हात हलवत नेले की ते आंबत राहते आणि प्रवरासंगमाच्या अलीकडे कुठेतरी झाकण उडते. पाठीवर पांढरे ओघळ घेऊन चाललेल्या स्वाराकडे कुत्री विशेष लक्ष देतात.

वाटेत पाणपोई लागली तर थांबावे. रांजणातले पाणी झिरपून गार झालेले असते, फ्रीजइतके थंड नसते आणि फुकट असते. साखळीने बांधलेला पेला बाटलीच्या तोंडापर्यंत पोचत नाही एवढाच दोष. साखळीची लांबी सायकलचा विचार न करता ठरवलेली आहे. या पाण्यात मीठ नसते, म्हणून सोबत काहीतरी खारट खावे: खारे शेंगदाणे, भडंग किंवा वडापावबरोबरची मिठात घोळलेली मिरची. दुधाचे कॅन लावून वर्षानुवर्षे याच रस्त्यांवर सायकल मारणाऱ्या दूधवाल्यांनी इलेक्ट्रोलाइट हा शब्द ऐकला नव्हता. त्यांच्या फडक्यात भाकरी, कांदा आणि ठेचा असे. ठेच्यातले मीठ डोळे पुसत मोजता येत नाही, पण ते पुरेसे असे.

जास्त पाणी पिण्याचा धोका हा थट्टेचा विषय नाही. नुसते पाणी घामापेक्षा जास्त प्यायले की रक्तातले सोडियम पातळ होते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचे सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेले आढळले. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे, बरळणे ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक प्रेमाने आणखी पाणी पाजतात. अंगठी घट्ट झाली असेल आणि निघताना होते त्यापेक्षा वजन वाढले असेल, तर पाणी थांबवून दवाखाना गाठावा. उलट अंग तापलेले आणि माणूस भ्रमात असेल तर उष्माघात समजून त्याला सावलीत आडवे करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि गाडी बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये, गंगाजलसुद्धा नाही.

प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. मे महिन्यात वरून आवर्तन नसेल तर प्रवरेचे पात्र कोरडे असते. गोदावरीत जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी असले तर स्वाराला ते दिसते, पण ते प्यायचे नाही. परतीचे पाणी आणि मीठ दोन्ही नेवाशातूनच घेऊन निघालेले असावे, कारण परतताना ऊन समोरून असते.

घरी पोचल्यावर वजन करावे. निघतानाच्या वजनापेक्षा किलोभर कमी भरले तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यावे, जेवणात मीठ असावे. वजन एकाच काट्यावर, दोन्ही वेळा घामट कपडे उतरवून करायचे असते. रस्त्यात कारखान्याचा वजनकाटा लागतो, पण तो टनात मोजतो, आणि त्याच्या आकड्याबद्दल ऊस उत्पादकांची मते सर्वांना माहीत आहेत. किराणा दुकानातला धान्याचा काटा त्यापेक्षा बरा. मात्र तिथे कपडे उतरवण्याची परवानगी आधी घ्यावी.