खिचडीला दहापैकी किती?

प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक वर्गाचा स्वतःचा ब्लॉग असावा, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. कल्पना झकास आहे. पोरं लिहितील, कोणीतरी वाचेल, आणि वाचणारा आहे म्हटल्यावर पोरं जरा मनापासून लिहितील. पण तो ब्लॉग आपल्याकडे कसा दिसेल, हे मला आत्ताच दिसतं आहे. पहिला फोटो वृक्षारोपणाचा : रोप एक, हात अकरा. दुसरा साहेबांच्या स्वागताचा. मागे रांगेत मुलं, उन्हाने डोळे बारीक केलेली. खाली मजकूर, ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदवला.’ हे वाक्य दुसरीतल्या कुठल्याही पोराने लिहिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मुलांचे फोटो चढवायची हौस आपल्याकडे मुळीच कमी नाही. 2016 साली राज्य सरकारने फर्मान काढलं होतं : गुरुजींनी दर सोमवारी दहा-दहा मुलांना घेऊन सेल्फी काढायचा आणि शिक्षण खात्याच्या ‘सरल’ पोर्टलवर टाकायचा. शिक्षक खवळले. अनेक गावांत रेंजही नव्हती. सेल्फी बारगळला. 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांचं पत्र घरोघरी पोचलं आणि त्या पत्रासोबतचे सेल्फी मागवले गेले. पत्र वाचून पोराला काय वाटलं, यापेक्षा ते पोराच्या हातात दिसणं मोलाचं.

आता मूल स्वतः लिहायला लागलं तर काय होतं ते बघा. 2012 साली स्कॉटलंडमधल्या मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीने लिहायचा सराव म्हणून एक ब्लॉग सुरू केला. विषय, शाळेतलं जेवण. रोज ताटाचा फोटो आणि खाली तपशील. चवीला दहापैकी किती गुण, किती घासांत संपलं, आणि केस किती सापडले. केसांचा वेगळा रकाना ठेवणारं असं ऑडिट आपल्याकडच्या एकाही समितीला सुचलेलं नाही. एका फोटोत पिझ्झाचा तुकडा आणि बटाट्याचं एकुलतं एक क्रोकेट होतं. जग हसलं, स्थानिक कौन्सिल मात्र हसलं नाही. जूनमध्ये मार्थाला सांगण्यात आलं, उद्यापासून जेवणघरात कॅमेरा आणायचा नाही. ती बातमी जगभर गेली आणि दुसऱ्याच दिवशी कौन्सिलने बंदी गिळली. गडबडीत एक चांगलं काम झालं. मलावीतल्या शाळेत स्वयंपाकघर बांधायला मार्था सात हजार पौंड जमवत होती. बंदीच्या कृपेने लाखाच्या वर जमले.

असं खरं लिहिणारं पोर ही काही इंटरनेटची करामत नव्हे; ते नव्हतं तेव्हाही असं घडलं आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, वर्गात फार वेळ मोठ्याने बोलवत नसे. म्हणून की काय, त्याने मुलांनाच बोलतं केलं. 1920च्या दशकात वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलं आपल्या मनातलं लिहायची, खिळे जुळवायची, छापायची, आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवायची. तिकडून उत्तरं यायची. वर्गाचा ब्लॉग तो हाच, फक्त बोटांना शाई लागायची. पुढे फ्रेने सँ-पॉल गावातल्या शाळेत शिकवत असताना एका मुलाने आपलं स्वप्न लिहून काढलं : शाळेचं सामान फुकट देत नाही म्हणून आपण महापौरावर चाल करून गेलो आणि त्याला ठार केलं. स्वप्नच ते! पण फ्रेनेच्या विरोधकांनी 1932 मध्ये तो मजकूर गावाच्या भिंतींवर चिकटवला, दंगा झाला आणि अखेर गुरुजींना ती शाळा सोडावी लागली. शाळेला सामान मिळत नाही, या मुद्द्यावर गाव किती चिडलं असेल, हे विचारू नका.

आपल्याकडे असला धोका संभवत नाही, कारण आपण स्वप्नं तपासून घेतो. भित्तिपत्रकावर अक्षर वर्गातल्या सर्वांत सुवाच्य मुलीचं आणि विचार बाईंचे. ‘माझी शाळा’ निबंधात इमारत भव्य, पटांगण विस्तीर्ण, शिक्षक प्रेमळ. शाळा दोन खोल्यांची असली आणि एका खोलीत तांदळाची पोती रचलेली असली तरी इमारत भव्यच. ‘सर कालपासून मतदार यादीच्या कामाला गेलेत, म्हणून आम्ही तिसरीच्या वर्गात बसलो,’ असं एखाद्याने लिहिलं तर ते खोडून वर ‘विषयाला धरून लिही’ असा शेरा पडेल. खरं तर अख्ख्या वहीत विषयाला धरून असलेलं ते एकच वाक्य असतं.

शाळेत दुपारी मिळणाऱ्या खिचडीचंही तसंच. तिची चव मोठी माणसं घेतात आणि नोंदवहीत सही करतात. तिथे ‘चव चांगली’ हा शेरा इतक्या नेमाने पडतो की भारतात मीठ कधी जास्त होतच नसावं. रोज ती खिचडी खाणाऱ्यांना त्या वहीत जागा नाही. त्यांनी दहापैकी चार दिले तर? आणि केसांचा रकाना उघडला तर?

तेव्हा वर्गाचा ब्लॉग जरूर काढा. मुलांची नावं आणि चेहरे मात्र त्यात नकोत. ते चढवायला पुढारी आहेतच. ब्लॉगचा पहिला विषयही सुचवून ठेवतो : शाळेचं स्वच्छतागृह. फोटो मुलांनी काढायचा, साहेबांची भेट नसेल अशा दिवशी. गुण दहापैकी. रकाने तीनच पुरेत : नळाला पाणी आहे का, कडी आतून लागते का, आणि बाहेरच्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात असते.