बर्म्युडाच्या गोगलगायीस अनावृत पत्र

श्रीमती सिटेरियम पायका, समुद्री गोगलगाय,
मु. पो. बर्म्युडा, अटलांटिक महासागर

स. न. वि. वि.

तक्रार जुनी आहे, पण स्पष्टच लिहितो. मरण्याच्या बाबतीत तुम्ही शिस्त पाळली नाहीत.

बेटावरच्या शंखवासी खेकड्यांचा संसार तुमच्या मरणावर चालतो. बिचाऱ्यांचं पोट मऊ आणि उघडं. तुम्ही एकेक करून मरायचं, शंख किनाऱ्याला लागायचा, खेकड्यानं आत शिरायचं आणि अंग वाढलं की त्याहून मोठा शंख शोधायचा, अशी रीत. लहानांचं कुठेही भागतं; थोराड खेकड्याला मात्र तिथे तुमच्याच मापाचा शंख लागतो. तो नसला की जुन्या शंखात अंग चोरून राहायचं. मग वाढ खुंटते, माद्यांची अंडीही कमी होतात.

हे सगळं असताना १६१२ साली इंग्रज वस्तीला आले, तुम्हाला खाऊ लागले, आणि पुढे बेटावरून तुमचं अख्खं खानदानच नाहीसं झालं! माणसांना दोष देऊ नका. त्यांना भूक लागते. तुम्हाला बेचव व्हायला कुणी अडवलं होतं?

मागे उरलेले खेकडे जुन्या वाळूच्या टेकड्या झिजून बाहेर पडणाऱ्या, तुमच्या हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या शंखांत राहू लागले. जीवाश्म पाठीवर घेऊन हिंडायचं! त्यात नवी भर नाही. फुटेल तो कमीच. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी तर खेकडा आणि शंखाच्या या जोडीवर निबंध लिहिला. खेकड्यांना गूल्डच्या निबंधात जागा मिळाली, राहायला मिळाली नाही.

खेकडे आळशी, असंही म्हणता येत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर संशोधक रिचर्ड व्हान्स यांनी नुसते रिकामे शंख नेऊन टाकले, तर तिथल्या खेकड्यांची संख्या वाढली. हा प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अडलं होतं ते शंखांपाशीच.

१९८२ मध्ये निसर्गसंवर्धक डेव्हिड विंगेट यांनी तुम्हाला बर्म्युडातल्याच नॉनसच बेटावर पुन्हा आणून सोडलं. तुम्ही रुजलात, पसरलात, खेकड्यांना ताजे शंख मिळू लागले. याबद्दल आभार. यापुढे कृपया हप्त्याहप्त्यानं मरावं.

कळावे,
आपला,
किनाऱ्यावरचे शंख उचलून शोकेसमध्ये मांडणारा एक निसर्गप्रेमी

ता. क. तुमच्यावर विसंबायला नको म्हणून आम्ही पर्यायी घरं पाठवत आहोत. कोकोस आणि हेंडरसन या दूरच्या बेटांवर आमच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पोचल्या आहेत. खेकडा आत शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून त्याला परत चढता येत नाही, आत मरतो. मेल्याचा वास सुटला की शंख रिकामा झाला असं समजून पुढचा येतो. दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे असे अडकून मेल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. एकाच डब्यात ५२६ सापडले. योजनेला प्रतिसाद उत्तम आहे.