शाम्पू भिंतीला टांगला

गोल्डन गेट पूल पाहायला जून-जुलैत जाऊ नये. १९३७ सालापासून तो तिथं उभा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण आम्हाला एका मनोऱ्याचं टोक आणि भाड्याच्या सायकलींवरून कुडकुडत जाणारी चार माणसं एवढंच दिसलं. बाकी सगळं धुकं. 'तिकडे उन्हाळा आहे' असं ऐकून सुती कुडत्यांवर आलेली आमची मंडळी टूर मॅनेजरकडे अशी बघत होती, जसं काही धुकं त्यानंच सोडलंय. आणि तरीही परतीच्या बसमध्ये पुलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विषय एकच होता. आदल्या रात्री ज्या हॉटेलात उतरलो, तिथं बाटल्या नव्हत्या.

बाटल्या म्हणजे त्याच. शाम्पूच्या, कंडिशनरच्या, लोशनच्या; बोटभर उंचीच्या, टोपणं फिरवून फिरवून अंगठा दुखेल पण उघडणार नाहीत अशा. मराठी जोडपं हॉटेलच्या खोलीत शिरलं की पुरुष आधी वायफायचा पासवर्ड शोधतो आणि बाई थेट बाथरूममध्ये जाते. आतून "आहेत हो!" अशी आरोळी आली की खोली पसंत. मग त्या बाटल्या तिथल्या तिथं पर्समध्ये जातात, कारण जागा रिकामी दिसली तर दुसऱ्या दिवशी सफाईवाली नव्या ठेवते, हे शास्त्र आपल्याकडे आई लेकीला देते. यात चोरी कसली? खोलीच्या भाड्यात धरलेलंच असतं ते. टॉवेल नेणारे वेगळे. त्यांच्याशी आपला संबंध नाही.

या बाटल्यांनी कुणी न्हातं का? अजिबात नाही. न्हायला घरून आणलेला शाम्पू असतो. हॉटेलच्या बाटल्या घरी जातात, सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात बसतात आणि पाहुण्यांची वाट पाहतात. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या एका आतेभावानं बँकॉकचं बॉडी लोशन केसांना चोळून फेस यायची बराच वेळ वाट पाहिली होती. पण बाटलीचं खरं आयुष्य ती रिकामी झाल्यावर सुरू होतं. तिच्यात खोबरेल भरतात. माक्याचं तेल भरतात, मध भरतात, गंगाजलसुद्धा भरलेलं मी पाहिलंय. २००६ साली लंडनमध्ये विमानं उडवण्याचा द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेतून शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येईना, तेव्हापासून तर हॉटेलची बाटली प्रवाशाचा जीव की प्राण झाली. शंभराचा हिशेब आत उरलेल्या तेलाचा धरत नाहीत, बाटलीवर छापलेल्या आकड्याचा धरतात. निघताना मुंबईच्या तपासणीत आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका याच मुद्द्यावर अडले होते. दोनशेची बाटली, आत तळाशी दोन चमचे तेल. "अहो, रिकामीच आहे की!" "मग टाका, सर." या युक्तिवादावर बँकेत तीन तपं काढलेल्या माणसालाही उत्तर सुचेना. पाठीमागून त्यांची बायको, म्हणजे आमच्या नागपूरच्या काकू, आपलं तेल कुठल्याशा हॉटेलच्या चिमुकल्या बाटलीतून ऐटीत घेऊन गेल्या.

म्हणून बसमधली चिंता खरी होती. "पुढच्या वेळी तेल कशात न्यायचं?" काकूंनी विचारलं. बसमध्ये शांतता पसरली.

टूर मॅनेजर तिशीतला, गिरगावचा मुलगा. ध्वनिक्षेपक हातात घेऊन तो म्हणाला, "काका, काकू, हॉटेलची काही चूक नाही. इथं कायदाच आहे." कॅलिफोर्नियानं २०१९ साली तो केला. पन्नासहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना १ जानेवारी २०२३ पासून आणि छोट्यांना २०२४ पासून खोलीत सहा औंसांच्या आतली, म्हणजे साधारण पावणेदोनशे मिलिलिटरहून लहान, प्लॅस्टिकची बाटली ठेवायला बंदी. दंडाची सुरुवात पाचशे डॉलरपासून. बँकवाल्या काकांनी लगेच रुपये केले आणि चाळीस हजारांच्या वरचा आकडा मोठ्यानं सांगितला. एका शाम्पूच्या बाटलीला चाळीस हजार! मंडळींच्या मनात बाटलीबद्दलचा आदर आणखी वाढला.

आता भिंतीवरच्या प्रकाराबद्दल. नळाशेजारी स्टीलची एक पट्टी ठोकलेली, तिच्यात तीन पंपाच्या बाटल्या अडकवलेल्या आणि खाली बारीकसं कुलूप. बाटल्या तिन्ही एका रंगाच्या, एका उंचीच्या. कशात काय आहे ते छापलेलं आहे. पण पांढऱ्या बाटलीवर फिकट करड्या रंगात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. ज्या कुणी हे ठरवलं त्याला चष्मा नसावा, किंवा तो चष्मा घालून अंघोळ करत असावा. पन्नाशीपुढच्या माणसानं ओल्या डोळ्यांनी करायचं काय? आमच्या गटात पहिल्या सकाळी निम्म्या लोकांनी कंडिशनरनं अंग धुतलं. निसरडे होऊन बाहेर आले, पण त्वचा मऊ झाली म्हणून खूश होते. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या एका बाईंनी उपाय काढला: पंपांवर टिकली लावायची. लाल टिकली शाम्पू, हिरवी साबण, बिनटिकलीचं ते हात न लावायचं. मॉन्टेरेच्या पुढच्या हॉटेलांत आमच्यामागून उतरलेल्या पाहुण्यांनी त्या टिकल्यांचा काय अर्थ लावला असेल ते देव जाणे.

कोकणात कुणी असं पंप वगैरे करत नाही, त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून शाम्पूच्या पुड्यांची अख्खी माळ काढून दाखवली. पानाच्या टपरीवर लटकते तशीच्या तशी. तिला पाहून मला खरंच बरं वाटलं आणि वाईटही. पुडीतला शाम्पू ही आपल्याच देशाची करामत. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी ती रुजवली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली 'चिक' काढून खेडोपाडी पोहोचवली. आख्खी बाटली घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या डोक्याला त्या पुडीनं शाम्पू लावला. तिला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण तिच्यात प्लॅस्टिकचे निरनिराळे थर इतके घट्ट चिकटवलेले असतात की ते पुन्हा वेगळे करणं कुणाला परवडत नाही. ती उकिरड्यावर पडते आणि तिथंच राहते. शिवाय ओल्या हातांनी ती फाटत नाही. दातांनी फाडावी लागते, आणि त्या खटाटोपात केसांपेक्षा तोंडाला फेस आधी येतो.

दुसरी शंका आली ती सांगलीच्या डॉक्टरांकडून. पंपात आत काय भरलंय हे कुणी पाहिलं? दुधात पाणी घालणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आधीच्या पाहुण्यानं काही मिसळलं असेल तर? यावर मॅनेजरनं बरीच माहिती गोळा केलेली दिसली. बऱ्याच साखळी हॉटेलांत पंपाची बाटली कारखान्यातूनच सीलबंद येते; कुणी तीत भरत नाही, संपली की अख्खी बाटली बदलतात. "म्हणजे प्लॅस्टिक तेच की!" डॉक्टर म्हणाले. तेच नाही. मॅरियटनं २०१९ साली जाहीर केलं तेव्हाच्या हिशेबानं एका मोठ्या बाटलीत दहा-बारा छोट्या बाटल्यांचा माल बसतो, आणि जगभरच्या त्यांच्या हॉटेलांत हे झालं की वर्षाला सुमारे ५० कोटी छोट्या बाटल्या, वजनात साडेसात लाख किलोंहून अधिक प्लॅस्टिक, कचऱ्यात जायचं वाचेल. इंटरकॉन्टिनेंटलवाल्या समूहानं त्याच वर्षी स्वतःचा आकडा वर्षाला २० कोटी बाटल्यांचा सांगितला होता. छोटी बाटली पुनर्वापराच्या कारखान्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. एक तर अर्धी भरलेली फेकलेली असते, दुसरं म्हणजे निवडणीच्या यंत्राच्या जाळीतून खाली गळून पडते.

"पन्नास कोटी," नागपूरच्या काकू हळहळल्या. "सगळ्या टाकून देत होते? मागितल्या असत्या तर आम्ही नेल्या नसत्या का?"

मॉन्टेरेच्या वाटेवर बँकवाले काका सगळा वेळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून होते. बाहेर पॅसिफिक महासागर होता, खडकांवर सील लोळत होते, बायका फोटो काढत होत्या. काका कायदा वाचत होते. मूळ मसुदा, कलम, पोटकलम, सगळं. सुपारी कातरल्यासारखं त्यांनी एकेक वाक्य बारीक केलं आणि शेवटी गर्जना केली, "पळवाट आहे!" बंदी खोलीत ठेवायला आहे. पाहुण्यानं मागितली तर खोलीबाहेर, म्हणजे स्वागतकक्षात, छोटी बाटली फुकट देता येते, असं कायद्यातच लिहिलंय. आणि ते खरंही होतं.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर आमची रांग लागली. रेल्वेच्या आरक्षणाला लागायची तशी, मध्ये घुसणाऱ्यांसकट. काउंटरवरची मुलगी भांबावली. काकांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं, हसली आणि अत्यंत गोड आवाजात सांगितलं की कायद्यात 'देऊ शकतात' असं आहे, 'दिलंच पाहिजे' असं नाही, आणि आमच्याकडे त्या बाटल्या आता येतच नाहीत. हवा तर दात घासायचा ब्रश देते. काकांनी ब्रश घेतला. त्यांच्या मागच्या सगळ्यांनी घेतला. दोघांना तर कवळी होती.

पुढचं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. सोल्व्हँगला, त्या पवनचक्क्यांच्या डॅनिश गावात, सकाळी नाश्त्याला नागपूरच्या काकूंच्या केसांना नवा वास येत होता. चौकशी केली तेव्हा कळलं की खोबरेलाची चिमुकली बाटली रिकामी झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंडीत आतलं तेल थिजलं, तेव्हा काकांनी ती बाटली हेअर ड्रायरपुढे धरली, आणि टोपण नीट लागलेलं नव्हतं. काका त्या दिवशी दुपारपर्यंत चकाकत होते. तर ती रिकामी बाटली काकूंनी भिंतीवरच्या पंपाखाली धरली आणि भरून घेतली. "पंप किती वेळा दाबायचा, असं कुठं लिहिलंय का? नाही ना?"

लॉस एंजेलिसला पोहोचेपर्यंत बसमधल्या झाडून सगळ्या रिकाम्या बाटल्या बाहेर निघाल्या होत्या. आम्हीही एक भरली; बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही, नुसता हात पुढे केला. आदल्या सहलींतून जमवलेल्या दुबईच्या, सिंगापूरच्या, कुठल्याशा महाबळेश्वरच्या बाटल्यांत आता कॅलिफोर्नियाचा शाम्पू होता. बाटली फेकू नका, पुन्हा पुन्हा भरा, एवढंच त्या कायद्याला हवं होतं ना? मग आमच्याइतकं ते मनावर कुणी घेतलं होतं? मॅनेजरला मात्र शेवटच्या हॉटेलातून फोन आला, की तुमच्या मजल्यावर शाम्पू इतका कसा लागतो.

न्यूयॉर्कनंही मोठ्या हॉटेलांवर २०२५ पासून अशीच बंदी आणली आहे आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०३० पासून हॉटेलांतल्या अशा छोट्या बाटल्या जाणार, हे मॅनेजरनं निरोपाच्या जेवणात सांगितलं. सांगायला नको होतं असं आम्हाला वाटलं, पण त्याचा अंदाज आमच्यापेक्षा पक्का होता. जिलेबी वाढून होईपर्यंत युरोपच्या सहलीसाठी त्याच्याकडे चार नावं आली. "२०३० च्या आत उरकू," काकू म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी काकूंच्या खोलीत सफाईवाली आली. मेक्सिकोची, काकूंच्याच वयाची. तिला मराठी येत नव्हतं, काकूंना स्पॅनिश, आणि इंग्रजीची दोघींनाही गरज वाटली नाही. तिनं कमरेची बारीक किल्ली काढली, पट्टीचं कुलूप उघडलं, शाम्पूची बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी दोन बोटं शाम्पू होता. नवी बाटली अडकवून तिनं जुनी ढकलगाडीवरच्या पिशवीत टाकायला हात उचलला, आणि काकूंनी तो मनगटाशी धरला.

"टाकणार? एवढी?"

बाईनं काकूंकडे पाहिलं, मग पलंगावर ओळीनं मांडलेल्या भरलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. तिनं ती बाटली काकूंच्या हातात दिली. मग दार नीट लावून घेऊन कंडिशनरची पण दिली. काकूंनी तिला चकलीचं पाकीट दिलं.

विमानतळावर काट्यावर काकूंची बॅग तेवीस किलोंच्या वर गेली. मागे रांग होती. काकूंनी शांतपणे बॅग उघडली, काकांचे चालायचे नवे बूट बाहेर काढून त्यांच्या हातात दिले आणि पुन्हा चेन लावली.