राज्य गेलं, बँड राहिला

फ्यूजन म्हटलं की मला धडकी भरते. सतारवाल्याशेजारी ड्रमवाला बसवायचा, दोघांनी एकमेकांकडे बघून माना डोलवायच्या आणि तिकीट मात्र दोघांचं मिळून एकाच श्रोत्याकडून वसूल करायचं, असा माझा त्याबद्दलचा समज. त्यामुळे चेन्नईहून तंजावरला जाताना भाच्याने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं, तेव्हा मी सावध झालो.

"मामा, हे युरोपियन जाझ आहे. त्यात टँगो आहे, शिवाय लोकसंगीत."

"मग त्यात जाझ कुठे बसलंय?"

"तेच तर सगळ्यांना सांभाळतंय."

एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं, असं मनाशी म्हणून मी ऐकू लागलो. वाजवणारा फ्रान्सचा रिशार गालियानो. अकॉर्डियनवर पॅरिसच्या नाचघरातलं जुनं म्युझेट आणि त्यात टँगोची कळ. मी टँगो नवा केला तसं तू म्युझेट नवं कर, असं त्याला खुद्द टँगोवाल्या पियाझोलाने सांगितलं होतं म्हणे. ही माहिती भाचा अशा थाटात देत होता, की तो त्या बैठकीला चहा घेऊन गेला असावा.

मी काही बोललो नाही. आपण चाललोय कुठे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तंजावरात उतरल्यावर मराठी माणसाचे कार्यक्रम ठरलेले असतात. पहिल्या इडलीबरोबरच 'सांबार आपलंच' म्हणायचं. पुरावा कुणी मागत नाही, कारण शेजारच्या टेबलावरचेही पुण्याचेच असतात. मग मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख बघायचा, पहिल्या चार ओळींत दमायचं आणि 'केवढा हा लेख!' म्हणून फोटो काढायचा. दुकानातली डोलणारी तंजावरी बाहुलीही घ्यायची. ती कुठल्याही तालाला मान डोलावते. मैफलीत मीही तेच करतो.

भाच्याला मात्र मी राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नेलं. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी 1798 साली गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. राजाच्या वाट्याला किल्ला, तनखा आणि वेळ उरला. एवढ्या भांडवलावर आपल्याकडच्या दुसऱ्या कुणी खटलेच लढवले असते. या गृहस्थाने ग्रंथ जमवले, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, छापखाना काढला आणि पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. देशी चाली युरोपीय स्वरलेखनात उतरवून घेतल्या. नाचासाठी स्वतः मराठी रचना केल्या, त्याही आख्खी कथा एकाच रागात आणि एकाच तालात. याला आता कन्सेप्ट अल्बम म्हणतात, अशी माहिती भाच्याने पुरवली. त्याचा आवाज जरा उतरला होता.

त्याच काळात कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित यांनी गोऱ्यांच्या बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. ज्या चालीवर इंग्रज देवाला 'आमच्या राजाला सांभाळ' म्हणत, त्याच चालीवर दीक्षित देवीला 'मला सांभाळ' म्हणाले. त्या वर्षांत कंपनीचा राजा सांभाळायला देव समर्थ होताच, दक्षिणेतल्या बाकीच्यांना देवीची जास्त गरज होती. दीक्षितांचे धाकटे भाऊ बालुस्वामी मद्रासेत व्हायोलिन शिकले. सरफोजींच्या दरबारातल्या चार नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, भावांपैकी वडिवेलूंनीही ते असं हातात घेतलं, की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांनी 1834 मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिलं.

इथे भाचा खुलला आणि बँडोनिऑनची कथा सांगू लागला. जर्मनीतलं हे वाद्य, जिथे ऑर्गन परवडत नाही तिथे भजनाला उपयोगी पडणारं. स्थलांतरितांबरोबर ते ब्यूनस आयर्सला गेलं आणि बंदरावरच्या गुत्त्यांत टँगो वाजवू लागलं. म्हणजे ते चर्चमधून गुत्त्यात गेलं आणि व्हायोलिन पलटणीच्या बँडमधून निघून, मांडी घालून, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून देवीपुढे बसलं. दोघांतलं वाया कोण गेलं, यावर आमचं एकमत झालं नाही.

आपल्या कीर्तनकारांचंही तसंच. महाराष्ट्रातून ते साकी, दिंडी, अभंग घेऊन इकडे आले. तमिळ हरिकथेने ती वृत्तं ठेवून घेतली. आता कर्नाटक मैफलीच्या शेवटी अभंग होतो, सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं आणि मराठी पाहुणे शेजाऱ्याला 'हे आमचं' म्हणून सांगतात. पुढची ओळ त्या शेजाऱ्यालाच पाठ असते.

भाच्याचा गालियानो उत्तम वाजवतो, यात वाद नाही. माझी तक्रार सरफोजींच्या वारसांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल आहे. त्यांच्या तोफा, तलवारी, वंशावळ आपल्याला हवी असते. बँडचं नाव निघालं की आपण जेवायला निघतो. 2032 मध्ये त्यांना जाऊन 200 वर्षं होतील. भाषणं होणारच आहेत, ती टळणार नाहीत. पण महाराष्ट्रात लग्नाचे बँड उदंड आहेत आणि लग्नसराई सरली की ते मोकळेच असतात. त्यांतल्या एखाद्या क्लॅरिनेटवाल्याने तंजावरच्या त्या चाली मागवून आतापासून तालीम धरावी. सुपारी मी देतो. तंजावरपर्यंतचं गाडीभाडं मात्र भाच्याकडून घ्यावं.