वेताळाची आखणी

मराठीत परखड समीक्षा उरली नाही, अशी तक्रार कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात वाचायला मिळते. तक्रार करणारे शेलूला उतरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

वांगणी सुटली की नेरळच्या आधी लागतं ते शेलू. बिल्डरच्या जाहिरातीत ते मुंबईजवळ असतं आणि आमच्या नातेवाइकांच्या मते पुण्याजवळ. स्टेशनबाहेर एक रद्दीचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथल्या वजनकाट्याभोवती एक मंडळ भरतं. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, त्यामुळे अजून फूटही पडलेली नाही. विषय एकच, कॉमिक्स. रद्दीवाले काका गठ्ठ्यातून कॉमिक्स निवडून बाजूला ठेवतात. वर्तमानपत्र किलोवर जातं, कॉमिक गिऱ्हाइकाचं तोंड बघून.

इथे कथानकाची वीण, पात्रांचं भावविश्व वगैरे कुणी काढत नाही. प्रत्येक जण आपापल्या धंद्यातून बोलतो, आणि धंद्यातून बोलणाऱ्या माणसाला दयामाया नसते.

गार्डसाहेबांचं उदाहरण घ्या. रेल्वेनं 2022 साली गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. साहेब त्याआधीच निवृत्त झाले, म्हणून ते गार्डच राहिले आणि तो राग ते सुपरमॅनवर काढतात. हा गडी इंजिनापेक्षा ताकदवान, अशी त्याची जुनी जाहिरात आहे. साहेब म्हणाले, "मग लावा त्याला कर्जतला बँकर म्हणून." माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. चढ सदतीसास एक. "पण बँकर मागून ढकलतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, फोटो काढत नाही, टाळ्या नाहीत. छातीवर अक्षर काढून पुढे उभ्या राहणाऱ्याला हे जमायचं नाही."

सुपरमॅनचा निकाल लागला.

बॅटमॅनला तर आमच्या तालुक्यात कुणी सुपरहिरो मानायलाच तयार नाही. श्रीमंत बापाचा मुलगा, रात्री काळी गाडी भरधाव सोडतो, दिवसा काय करतो कुणाला ठाऊक नाही, घर गावाबाहेर आणि भलंमोठं. असे शनिवार-रविवारी कर्जतच्या फार्महाऊसांवर ढिगानं येतात, आणि रस्त्यात गाय आडवी आली की हॉर्न वाजवतात. बँकेत नोकरी केल्यामुळे मलाही त्याच्याबद्दल एक शंका आहे. एकाच माणसाची दोन नावं, दोन पत्ते आणि पैसा कुठून येतो याचा पत्ता नाही. मी असतो तर त्याचं खातं गोठवलं असतं.

नागराजचा विषय आमच्या सर्पमित्राकडे. पावसाळा लागला की याला रात्री-अपरात्री फोन येतात, कुणाच्या मोरीत घोणस, कुणाच्या चपलेत मण्यार. नागराजच्या रक्तात पांढऱ्या पेशींऐवजी सूक्ष्म साप असतात आणि मनगटातून तो हवे तेव्हा साप सोडतो, हे ऐकून त्यानं इतकंच विचारलं, "सोडतो ते कळलं. परत मोजून घेतो का?" वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आणि नागराज 1986 चा, म्हणजे कायदा माहीत नव्हता ही सबब त्याला चालायची नाही.

खरी धार आहे ती शिंपीमास्तरांकडे. कॉमिक हातात पडलं की मास्तर संवाद वाचत नाहीत, शिवण शोधतात. स्पायडरमॅन बघून त्यांचा पहिला प्रश्न होता, "चेन कुठे?" पुढून नाही, मागून नाही, बाजूनं नाही. दिवसभर हा माणूस उंच इमारतींवर लोंबकळणार, मधे एकदा तरी त्याला आडोशाला जावं लागेल की नाही? आम्ही सगळे कर्जत लोकलनं जाऊन-येऊन करणारे. या प्रश्नाचं गांभीर्य आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्यावर नेरळहून येणाऱ्या कॉलेजच्या मुलानं मोठ्या आशेनं भारतीय स्पायडरमॅन काढला. 2004 साली आलेला, पवित्र प्रभाकर नावाचा, मुंबईत राहणारा आणि धोतर नेसणारा. पोराला वाटलं, आता तरी कौतुक होईल. मास्तरांनी चष्मा कपाळावर नेला, पान डोळ्यांजवळ धरलं. "हे नेसलेलं नाही, शिवलेलं आहे. लग्नात नवरदेवाला भाड्यानं देतात ते. कासोटा दाखव मला." पोरगा म्हणाला, काका, 2023 च्या सिनेमात तो किती भारी दाखवलाय! गार्डसाहेब म्हणाले, "असेल. संध्याकाळी साडेसहाला दादरला धोतर नेसून कर्जत पकडून दाखव म्हणावं, मग बोलू."

पोरगा हार मानणाऱ्यातला नाही. त्यानं मोबाइलवर रॉब लायफेल्ड नावाच्या अमेरिकन चित्रकाराची चित्रं दाखवली. तिकडचे वाचक या गृहस्थांची टिंगल करून थकलेत. त्यांना माणसाचं पाऊल काढता येत नाही, म्हणून ते पायाशी धूर तरी काढतात नाहीतर दगडधोंडे, आणि प्रत्येक हिरोच्या कमरेला, मांडीला, दंडाला खिसेच खिसे लावतात. मास्तर खूश. "हा एकटा कारागिराचा विचार करणारा! एवढ्या खिशांची मजुरी किती होईल?"

मास्तरांच्या मनात भरलेले हिरो दोनच. पहिला इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर, 1976 साली आबिद सुरतींनी लिहिलेला. भगवा कुर्ता आणि जीन्स. याचं माप घेता येतं. दुसरा अर्थातच वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. वास्तविक अंगासरशी कपडे आणि वरून चड्डी हा सगळा घोळ वेताळानंच सुरू केला. तो 1936 चा, सुपरमॅन त्याच्या दोन वर्षांनी आला. पण वेताळाची चड्डी पट्ट्यापट्ट्यांची आहे, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीबद्दल वाईट बोलणं आमच्या पिढीला जमणार नाही. ती घरोघर दोरीवर वाळत असे. त्याचे कपडे मूळचे जांभळे, स्वीडनमध्ये निळे छापले, इटलीत लाल, याचंही मास्तरांना नवल नाही. ताग्यात जो रंग शिल्लक असेल तो.

इथवर सगळं खेळीमेळीनं चालतं. भांडण पेटतं ते चित्रकारांवरून. हिरोला शिव्या दिलेल्या सगळे ऐकून घेतात, चित्रकाराला दिल्या की आवाज चढतो. याचं कारण आमचे दादा. दादा मूळचे पेणचे, गणपतीच्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांची आखणी केली. मूर्ती कुणीही रंगवू शकतो, पण डोळे आखायला एकालाच बसवतात आणि तो बसला की रेडिओसुद्धा बारीक करतात, असं ते सांगतात. नागराजचा सुरुवातीचा अंक त्यांनी लांबूनच बघितला आणि म्हणाले, "हा आपल्या प्रताप मुळीकांचा हात." अगदी बरोबर. अमर चित्रकथेत पुराणपुरुष रंगवणाऱ्या मुळीकांनीच सुरुवातीचा नागराज काढला. "भीमाचं अंग आहे, नुसता हिरवा रंग मारलाय. म्हणून तर उभा राहिला." राम वाईरकरांचं नाव निघालं की दादा आधी कानाला हात लावतात. एकाच माणसानं कृष्णही काढायचा आणि सुपंडीही, ही त्यांच्या मते सिद्धी आहे.

मग आला वेताळ. माझं म्हणणं साधं होतं. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली निघाली, तेव्हाच्या अंकांत विल्सन मॅकॉयचा वेताळ पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसायचा. पुढे साय बॅरीचा आला तेव्हा त्याच्या अंगात रक्त आलं. बॅरीनं 1961 पासून तीस वर्षांहून जास्त तो काढला. गार्डसाहेब मॅकॉयचे. त्यांचा पहिला वेताळ तोच, आणि पहिल्याबद्दल माणूस ऐकून घेत नाही. आवाज वाढला. रद्दीवाल्या काकांनी दोघांपुढे दोन्ही अंक टाकले आणि दादांना म्हणाले, तुम्ही सांगा.

दादांनी दोन्ही बघितले. "दोन्ही अर्धवट," ते म्हणाले. "आखणी राहिलीय."

बघतो तर खरंच. मुखवट्याच्या आत पांढरं, बुबुळ नाही. मी समजावलं, दादा, ते मुद्दाम आहे. ग्रीक पुतळ्यांना बुबुळं नसतात, त्यावरून वेताळाचा लेखक ली फॉक याला ही कल्पना सुचली. दादा हसले. "पुतळ्यांचा रंग उडाला असेल. डोळे न आखता मूर्ती गिऱ्हाइकाला देतंय कोण?" इतिहासकारही तेच सांगतात, ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले होते. त्यांना ते शोधायला बराच काळ लागला, दादांना एक घोट चहा.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दादांनी खिशातून बॉलपेन काढलं, डावा हात उजव्या मनगटाखाली टेकवला आणि कुणी काही म्हणायच्या आत बॅरीच्या वेताळाला दोन बुबुळं आखली. आम्ही सगळे वाकलो. चारशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या दुष्टांचा थरकाप उडवणारा तो चालता-बोलता वेताळ, हप्ता थकलेल्या माणसासारखा आमच्याकडे बघत होता.

"हे तर तुमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी!" मास्तर मला म्हणाले.

काका भडकले. संग्राहकाचा अंक, जपून ठेवलेला, अडीचशेला मागितला होता एकानं! दादा शांतपणे पेनचं टोपण लावत होते. काकांनी अंक हिसकावला, उजेडाकडे धरला, जवळून पाहिला, लांबून पाहिला. मग मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली किंमत थुंकी लावून पुसली आणि नवी टाकली. रुपये तीनशे.

"अहो, वाढवली कशी?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"आखणीचे पन्नास."