पहिली आवृत्ती कशी जमवावी: होतकरूंसाठी नियमावली

पात्रता

एकाच कादंबरीच्या दोन प्रती समोर ठेवल्या आहेत. मजकूर तोच, शेवटही तोच. एक तीनशे रुपयांना मिळते. दुसरीच्या किमतीत पुण्यात बऱ्यापैकी फ्लॅट येतो. पहिली उचलावी असे ज्याला वाटते तो वाचक होय. त्याने येथेच थांबावे, त्याच्यासाठी सरकारने ग्रंथालये काढली आहेत. दुसरी उचलताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, तो संग्राहक. विसाव्या शतकातल्या इंग्रजी साहित्याच्या दुर्मिळ पहिल्या आवृत्त्या जमवू पाहणाऱ्या अशाच धीरोदात्त व्यक्तींसाठी पुढील कलमे रचली आहेत.

कलम १: निवड

पुस्तक निवडताना ते त्या काळी किती लोकांना नको होते, हे पाहावे. जे प्रसिद्ध होताच लाखांनी खपले, त्याच्या प्रती लाखांनी उरल्या आहेत आणि त्या घरातून काढायच्या कशा, हीच आता वारसांची अडचण आहे. आपल्याला हवे ते प्रकाशकाने भीत भीत छापलेले पुस्तक.

‘द हॉबिट’ १९३७ साली निघाले तेव्हा पहिल्या खेपेस १,५०० प्रती छापल्या होत्या. जेम्स बाँड जन्माला आला तो १९५३ साली, ‘कॅसिनो रोयाल’च्या ४,७२८ प्रतींत. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ची हॉगर्थ प्रेसची १९२३ सालची आवृत्ती जेमतेम ४६० प्रतींची, तिचे खिळे खुद्द व्हर्जिनिया वुल्फने जुळवले होते. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या पुठ्ठाबांधणीच्या प्रती १९९७ साली ब्लूम्सबरीने ५०० काढल्या आणि त्यातल्या बहुतेक ग्रंथालयांकडे धाडून दिल्या. त्यातली एक २०२१ साली अमेरिकेतल्या लिलावात ४,७१,००० डॉलरना गेली. प्रकाशकाने तेव्हा धीटपणा दाखवून पन्नास हजार छापल्या असत्या, तर संग्राहकांचे केवढे नुकसान झाले असते!

उपेक्षेचा सर्वोत्तम नमुना फिलिप लार्किनचा. १९५१ साली त्याने स्वखर्चाने शंभर प्रतींची एक कवितापुस्तिका छापली आणि नामवंत साहित्यिकांना टपालाने पाठवली. नेमके टपालाचे दर वाढले होते. तिकिटे कमी लागली. मान्यवरांना अनोळखी कवीच्या कविता मिळाल्या त्या दंड भरून. पोच फारशी कुणी दिली नाही. आज ती पुस्तिका मिळवायची तर दंडाची रक्कम बरीच जास्त पडते.

कलम २: चुकांची पूजा

‘पहिली आवृत्ती’ एवढ्यावर समाधान मानणारा नवशिका असतो. जाणकार पहिले मुद्रण मागतो, आणि पहिले मुद्रण ओळखायचे ते त्यातल्या चुकांवरून. मुद्रितशोधकाला डुलकी लागली त्या जागा पाठ कराव्यात.

‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) हाती आली की पान २०५ उघडावे. ‘सिकअँटायर्ड’ हा जोडशब्द तेथे फुटून ‘सिक इन टायर्ड’ झाला असेल तर श्वास रोखावा. हॅरी पॉटरच्या पान ५३ वर शाळेच्या सामानाची यादी आहे. तीत ‘एक छडी’ दोनदा आली पाहिजे. ज्या मुलाला एकच छडी लिहून दिली आहे, त्याची प्रत मुलालाच परत द्यावी. शिवाय मलपृष्ठावर पुस्तकाच्या नावातच एक अक्षर गळालेले असावे आणि आतल्या आकड्यांच्या रांगेत १० पासून १ पर्यंत सगळे हजर असावेत.

‘द हॉबिट’ची कसोटी याहून सूक्ष्म आहे. तिच्या जॅकेटच्या मागल्या घडीवर ल्युइस कॅरलच्या खऱ्या आडनावात, म्हणजे डॉजसनमध्ये, एक जादा ‘ई’ घुसला. प्रकाशकाकडच्या कुणीतरी बहुतेक प्रतींवर तो शाईने खोडला. तो माणूस कोण, हे इतिहासाला ठाऊक नाही. पण त्याची रेघ आज त्याच्या जन्माच्या पगारापेक्षा महाग असावी. लक्षात ठेवावे: लेखकाने तीनशे पाने बिनचूक लिहिली, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

कलम ३: जॅकेट

पुस्तकाचे जॅकेट दुकानातून घरापर्यंतच्या प्रवासात धूळ बसू नये म्हणून काढलेले असे. घरी पोचल्यावर शहाणी माणसे ते फेकून देत. म्हणून आज शहाण्या माणसांच्या पुस्तकांना भाव नाही. फ्रान्सिस कुगाटने निळ्या रात्रीवर दोन डोळे रंगवलेले जॅकेट अंगावर असलेली ‘गॅट्सबी’ आणि तीच उघडीबोडकी ‘गॅट्सबी’ यांच्या किमतींत कैक पटींचा फरक पडतो. हिशेब केला तर कादंबरी कागदासोबत जवळजवळ फुकट मिळते.

जॅकेट तपासण्याची रीत अशी. आतल्या घडीच्या कोपऱ्यावर छापील किंमत शाबूत हवी. पूर्वी पुस्तक भेट देताना सभ्य लोक किंमत कातरून टाकत. त्या सभ्यतेची वजावट विक्रेता आजही करतो. मग जॅकेट उलटून पाठ पाहावी. ऑर्वेलचे ‘अॅनिमल फार्म’ ऑगस्ट १९४५ मध्ये निघाले. युद्धामुळे कागदाची चणचण होती. तेव्हा काही जॅकेटे ‘सर्चलाइट बुक्स’ या दुसऱ्याच मालेच्या उरलेल्या जॅकेटांच्या पाठीवर छापली गेली. काटकसरीला एवढा परतावा दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात मिळाल्याचे ऐकिवात नाही. ‘नाइन्टीन एटी-फोर’चे जॅकेट हिरवे व लाल अशा दोन रंगांत निघाले. दोन्ही एकाच वेळचे. तरी लाल हवे असे म्हणावे. का, असे कुणी विचारल्यास मंद हसावे.

कधी जुन्या पुस्तकावर दुसऱ्याच प्रतीचे जॅकेट चढवलेले असते, कधी नवी रंगीत नक्कल. प्रामाणिक विक्रेता तसे लिहून देतो. जॅकेट पुस्तकापेक्षा तरुण दिसले, तर मात्र चौकशी करावी.

कलम ४: वाचनबंदी

पुस्तक उघडावे लागलेच तर काटकोनाच्या आत. जेम्स जॉइसचे ‘युलिसिस’ २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच हिच्या दुकानाने प्रसिद्ध केले. एकूण प्रती १,०००. त्यातल्या पहिल्या शंभर हातकागदावरच्या, लेखकाच्या सहीच्या. पाने जोडलेलीच येत, वाचकाने सुरीने फाडून वाचायची. त्या शंभरांतली एक प्रत २००९ साली लंडनमध्ये २,७५,००० पौंडांना विकली गेली. तिची पाने जवळपास सगळी जोडलेलीच होती. फाडलेली होती ती फक्त शेवटच्या प्रकरणाची. हे प्रकरण चावट म्हणून गाजले होते. म्हणजे मूळ मालकही निवडक वाचनाचा पुरस्कर्ता होता. सात-आठशे पानांतून सुरी नेमकी तेथे पोचली, ही रसिकता कॅटलॉगात नमूद झाली आहे.

अधिक सुरक्षित पर्याय ‘फॅरनहाइट ४५१’चा. पुस्तके जाळणाऱ्या जगाची ही कादंबरी १९५३ साली निघाली, तेव्हा २०० सह्यांच्या प्रती चक्क अॅस्बेस्टॉसच्या बांधणीत काढल्या. त्या सहज जळत नाहीत. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली तर काय होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा हे पुस्तक वाचू नये हा नियम येथे वैद्यकीय सल्ला म्हणूनही पाळावा.

कलम ५: सही आणि स्नेह

नुसती सही चांगली. ‘अमुक यास सप्रेम’ असे लिहिलेले असून तो अमुक स्वतः प्रसिद्ध असेल तर त्याहून चांगली. अशी पुस्तके बाजारात यायची तर अमुकाला लेखकाचा कंटाळा यावा लागतो, किंवा त्याला मरावे लागते. संग्राहकाने दोन्हींवर लक्ष ठेवावे. पॉल थरू याने व्ही. एस. नायपॉल यांना प्रेमाने लिहून दिलेली आपलीच पुस्तके एका विक्रेत्याच्या कॅटलॉगात पाहिली. तीस वर्षांच्या मैत्रीवर त्याने मग १९९८ साली अख्खे पुस्तक लिहिले. त्याची पहिली आवृत्ती अर्थातच जमवण्यासारखी आहे.

कलम ६: भोंदूंपासून सावध

टॉमस वाइज हा आपल्या काळचा थोर ग्रंथसंग्राहक. ऑक्सफर्डने त्याला मानद पदवी दिली होती. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथव्यावसायिकांनी एकोणिसाव्या शतकातल्या काही दुर्मिळ पुस्तिकांचा कागद तपासला. पुस्तिकांवर जी साले होती, त्या सालांत तसला कागद बनतच नव्हता. शोधाचा माग वाइजच्या दारापर्यंत गेला. त्याने कबुली न देता तीन वर्षांनी डोळे मिटले. यातून घ्यायचा बोध असा की आता वाइजच्या बनावट पुस्तिकाही लोक जमवतात. तेव्हा खरी वाइजकृत बनावट घ्यावी. तिची नक्कल गळ्यात पडू देऊ नये.

कलम ७: कोकणपट्टीवर राहणाऱ्यांसाठी

इंग्लंडातल्या हवेत शतकभर टिकलेले पुस्तक मुंबईच्या एका पावसाळ्यात बुरशी धरते. कसर लागायला कादंबरीचा दर्जा आड येत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, कण्यावर ऊन येऊ देऊ नये, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र पुस्तकाला कायमचा चिकटतो आणि तो कुठल्याही कॅटलॉगात गुण म्हणून नोंदवलेला नाही.

कलम ८: जवळची संधी, आणि ती का टाळावी

विसाव्या शतकातल्या इंग्रजी साहित्याचा एक दुर्मिळ नमुना आपल्या घराजवळच छापला गेला. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ साली मुंबईत ‘क्लिअरिंग हाऊस’ने काढली. प्रकाशनसंस्था म्हणजे अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर. चार कवी, चौघांची चार पुस्तके. मुखपृष्ठे कोलटकरांनीच केली. दुसऱ्या वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. त्याआधीच्या काही महिन्यांत हे पुस्तक छापील किमतीला मिळत होते आणि कवी त्याच शहरात राहत होते.

यावरून एखादा उतावळा म्हणेल, की मग आज कुण्या अनोळखी कवीचा तीनशे प्रतींचा संग्रह छापील किमतीत का घेऊ नये? या नियमावलीला ते मंजूर नाही. कारणे: (अ) त्याविषयी अजून कुणी काही बोललेले नसते, त्यामुळे पुस्तक वाचावे लागते. (आ) ते चांगले की वाईट हे एकट्याने ठरवावे लागते. (इ) कवी हयात असतो आणि पुढच्या आठवड्यात फोन करून विचारतो.

यास्तव थांबावे. पन्नास वर्षे जाऊ द्यावीत. तोवर काही थोडी वेडी माणसे ते पुस्तक विकत घेतील, वाचतील, इतरांना सांगतील आणि जॅकेटसकट जपतील. मग कॅटलॉग येईल. तेव्हा पाचशेपट रक्कम विनातक्रार मोजावी. तीत कागद-शाईचे पैसे किरकोळ असतात. उरलेले सारे शुल्क असते, आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी वेळेवर वाचल्याचे.